साडेतीनशेचा कोंबडा

“एकशे दहा!” बाबा म्हणाले, आणि सतरंजीवर माझ्या शेजारी बसलेल्या आईनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला.

“एकशे दहा! मास्तरांचे एकशे दहा!” वाघचौरे पाळकांनी कोंबडा दोन्ही हातांनी उंच धरला. “बंधूंनो, काय जनावर आहे! तुरा बघा, नखं बघा! जेकबराव, झोपलात काय?”

जेकबराव घोरपडे झोपले नव्हते. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत पाय लांब करून ते काडीनं दात कोरत होते. काडी तोंडातून न काढताच म्हणाले, “सव्वाशे.”

“एकशे तीस,” बाबा.

ज्या कोंबड्यावर ही बोली चालली होती तो आमचाच होता. म्हणजे आईचा. ईस्टरपासून तिनं त्याला मूठमूठ बाजरी टाकून वाढवला होता आणि त्याच सकाळी पाय चिंधीनं बांधून वेदीपाशी नेऊन ठेवला होता. बाबा आपलाच कोंबडा विकत घेत होते. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल, म्हणून आमच्याकडची रीत सांगते.

नगर जिल्ह्यातलं आमचं मिशनचं गाव. दिवाळी सरून बाजरी घरात आली की चर्चमध्ये हंगामाचा सण व्हायचा. ज्याच्या घरी जे पिकलं ते त्यानं घेऊन यायचं. कुणी भोपळा, कुणी पपया, कुणी अंडी. ज्याच्या घरी काहीच पिकत नाही तो लोणच्याची बरणी. उपासना झाली की आवारातल्या लिंबाखाली या सगळ्याचा लिलाव, आणि पैसा मंडळीच्या कामाला. इथवर कुणाचं काही म्हणणं नाही. पण रीत अशी पडली होती, की ज्याची वस्तू त्यानंच पहिली बोली लावायची आणि ती स्वस्तात जाऊ द्यायची नाही. भोपळा दोन रुपयांत गेला की घराण्याची अब्रूही दोन रुपयांत गेली. वर्षभर बायका नळावर म्हणणार, ‘ते होय, दोन रुपयेवाले!’ शहाणी माणसं बोली थोडी वर चढवत आणि वेळीच गप्प बसत. कुठं गप्प बसावं हे ज्याला कळत नाही असा एखादा दर सणाला सापडतोच, आणि मंडळी खरी त्याच्यासाठीच उन्हात थांबलेली असते. त्या वर्षी त्यांना माझे बाबा सापडले.

बाबा म्हणजे शांतवन उजागरे, मिशन शाळेचे निवृत्त मास्तर आणि मंडळीचे पंच. देवाला देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पेन्शन आली की रेशनच्या आधी दशांश निघायचा, मग उपकारस्तुतीचं वेगळं, मग इमारतीचं वेगळं. चर्चमध्ये उजवीकडच्या पंख्यावर पांढऱ्या रंगात ‘शां. य. उजागरे यांजकडून’ असं लिहिलेलं होतं. आमच्या घरी वारा घ्यायला वहीचा पुठ्ठा होता. आई शेजारणींकडून वाटीभर तेल उसनं आणायची आणि त्याच शेजारणी आईला म्हणायच्या, ‘मास्तर किती मोठ्या मनाचे हो तुमचे!’

त्या दिवशी बाबांच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात साडेतीनशे रुपये होते, आणि ते माझे होते. सोलापूरकडच्या एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंगला माझा नंबर लागला होता. अनामत, गणवेश आणि खानावळ मिळून साडेतीनशे महिनाअखेरच्या आत भरायचे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. शनिवारी पोस्टातलं होतं नव्हतं ते काढून बाबांनी खिशात ठेवलं होतं, आणि सोमवारच्या एसटीनं आम्ही दोघं निघणार होतो. जागा गेली तर पुढं काय, तेही ठरल्यासारखंच होतं. राहुरीकडचा एक सुवार्तिक, म्हणजे गावोगाव फिरणारा धर्मोपदेशक होता, बायको वारलेली, पदरात दोन लेकरं. बाबांना तो फार प्रार्थनाशील वाटायचा. मला अठरावं सरत होतं.

“दोनशे!” घोरपडे म्हणाले.

“दोनशे दहा!”

आईनं मला कोपरानं ढोसलं. “रिबका, जा. त्यास्नी म्हणावं, कोंबडा देवाला दिला, आता त्याचं काय करायचं ते देव बघंल. तुम्ही गप बसा.”

मी पुरुषांच्या बाजूला गेले आणि बाबांच्या खुर्चीमागं उकिडवी बसले. “बाबा, आई म्हणते पुरे.”

बाबांनी मान वळवली नाही.

“बाबा, खिशात माझी फी आहे.”

“माझ्या खिशात काय आहे ते मला ठाऊक आहे,” बाबा दातांवर दात ठेवून म्हणाले, आणि मोठ्यानं ओरडले, “दोनशे चाळीस!”

घोरपड्यांनी आता काडी काढली. “मास्तर, लेक काय म्हणते ते ऐका की. नायतर घरी भाकरी मिळायची नाय.”

सगळे हसले. पाळकही हसले. तिथंच माझी फी गेली. एवढं हसू पचवण्याची ताकद बाबांच्यात नव्हती.

घोरपडे हे रस्त्यांचे कंत्राटदार. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चर्चची मागची भिंत बांधून दिली होती, आणि बाबांनी पंचांच्या बैठकीत त्या भिंतीला नख लावून माती पाडून दाखवली होती. बाबांचं म्हणणं खरं होतं. पण खरं बोलून झाल्यावर माणसानं जपून राहावं, ते बाबांना जमलं नाही. उलट बुधवारच्या प्रार्थनासभेत ते डोळे मिटून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, ‘हे प्रभू, रिबकाच्या फीचे साडेतीनशे रुपये तू पुरवलेस, तुझे उपकार!’ देवाला आकडा सांगायची काय गरज होती कोण जाणे. त्यानं ऐकला की नाही मला माहीत नाही. घोरपड्यांनी नक्की ऐकला होता.

“तीनशे!” बाबा उभे राहिले होते.

“तीनशे वीस.” घोरपडे बसूनच.

“तीस!”

“चाळीस.”

“साडेतीनशे!”

लिंबाखाली चिडीचूप झालं. कोंबडासुद्धा पाळकांच्या हातात मान टाकून गप्प राहिला. मग घोरपडे सावकाश उठले, बाबांपुढं आले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. “मास्तर, तुमच्यापुढं आमची काय टाप! न्या तुमचा कोंबडा.”

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पाळकांनी ‘हालेलूया’ म्हटलं, मंडळीनं ‘हालेलूया’ म्हटलं. लिलावाचे पैसे लोक महिना-दोन महिन्यांत सवडीनं आणून देत. तेही रीतीत बसत होतं आणि कुणी त्याला नावं ठेवत नसे. पाळकांनी तसं म्हटलंही, “मास्तर, सवडीनं द्या.”

“देवाचं उधार ठेवायची आमच्याकडं पद्धत नाही,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी आतला खिसा रिकामा केला.

घोरपड्यांनी त्या दिवशी शेवटी एक पपई घेतली. अडीच रुपयांना.

घरी येताना कोंबडा आईनं काखेत धरला होता. बाबा पुढं, आम्ही मागं. वाटेत भेटेल तो बाबांना सलाम करत होता आणि बाबा नव्या नवरदेवासारखे मान डोलावत होते. घरी आल्यावर आईनं कोंबड्याच्या पायांची चिंधी सोडली. तो अंगणात गेला, पंख झाडले आणि कोंबड्यांच्या मागं लागला.

“बसा जेवायला,” आई म्हणाली. “कोरड्यास नाय, नुसती भाकरी. म्हटलं, आज कोंबडं इतकं महाग, कोरड्यास कशाला करू?”

“तू हे बोलशील हे मला माहीत होतं,” बाबा म्हणाले. “तुझा विश्वासच तोकडा. देणाऱ्याला देव दसपटीनं देतो. शास्त्रात लिहिलंय.”

“मग साडेतीन हजार येत्याल म्हणा की.”

“येतील.”

“कुठनं येत्याल? पोस्टातनं? पोस्टात तर आता नुसती शाई राह्यली.”

“तू थट्टा कर. रिबका, तू काळजी करू नकोस. महिनाअखेरीला अजून अवकाश आहे.”

मी ताटात पाहत बसले होते. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि बापाचा राग करायचा कसा हे तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस बाबांनी खरोखर पोस्टमनची वाट पाहिली. दहाच्या सुमाराला ते कोट घालून ओट्यावर बसत. पोस्टमन समोरून जाई, बाबा खाकरत, पोस्टमन ‘काही नाही मास्तर’ म्हणे, बाबा ‘बरं’ म्हणत आणि आत येऊन शास्त्र उघडून बसत. मी म्हटलं, “कुणाकडून उसने घ्या बाबा. मला स्टायपेंड मिळाला की फेडीन.” तर म्हणाले, “देवाला देऊन मी माणसापुढं हात पसरला तर माझी साक्ष काय राहील?”

“पोरगी काय राहील, त्ये पण बघा,” आई चुलीपासून म्हणाली.

गुरुवारी बाजार होता. आई सकाळीच टोपली घेऊन गेली आणि दुपारी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन आली. हिरव्या रंगाची, कुलपासकट.

“ही कुठून आणलीस?” बाबांनी विचारलं.

“कोंबडा इकला. चौदा रुपय आलं. त्यात आली.”

बाबा ताडकन उठले. “देवाचा कोंबडा विकलास?”

“देवाचा व्हता तवा मीच दिला व्हता. तुम्ही रोख पैसं मोजून आणला, मग आपला झाला. आपल्या कोंबड्याला बाजारात चौदा रुपय येतात, त्ये आलं.”

बाबा कोट घालून पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

“ट्रंक कशाला आणलीस? मी जातेय कुठं?” मी आईला म्हटलं.

“उठ. त्वांड धू,” आई म्हणाली. “पाळकाकडं जायचंय.”

पाळकांचा बंगला चर्चच्या मागंच. घोरपड्यांनी घेतलेली पपई त्यांच्या टेबलावर कापून ठेवली होती. पाळकांनी आम्हांला बसायला सांगितलं, प्रार्थना केली, एकेक फोड पुढं केली. आईनं फोड घेतली नाही म्हणून मीही घेतली नाही.

“साहेब, मास्तरांच्या हातनं पोरीची फी गेली,” आई म्हणाली. “तेवढी परत द्या. पाहिजे तर त्यातनं कोंबड्याचं चौदा रुपय कापून घ्या.”

पाळकांनी मान हलवली. “सगुणाबाई, असं कसं म्हणता? मास्तरांनी आनंदानं दिले. मी डोळ्यांनी पाहिलं.”

“आनंद त्यांचा, जागा हिची.”

“पण एकदा अर्पण केलेलं परत घेता येत नाही. ते मग आपलं राहत नाही.”

“कुणाचं राहतं?”

“देवाचं.”

“देवाला नर्सा लागत नाईत व्हय?”

पाळक जरा घुटमळले. मनानं ते वाईट नव्हते. कुणाचं वाईट करायलाही जरा ठामपणा लागतो, तो त्यांच्यात नव्हता. त्यांनी पपईची फोड खाल्ली, रुमालानं हात पुसले आणि म्हणाले, “एक मार्ग आहे. मंडळीचा गरीब फंड आहे. शिक्षणासाठी गरजूंना त्यातून मदत देता येते. पंचांना विचारतो. जेकबराव नाही म्हणायचे नाहीत.”

“त्ये कशाला नाही म्हणत्याल,” आई म्हणाली. “त्यांचा तर दुसरा सणच व्हईल.”

“फक्त रविवारी उपासनेत नाव घेऊन जाहीर करावं लागेल. कुटुंबातल्या कुणीतरी पुढं येऊन मदत स्वीकारायची. फंडाचा नियमच तसा आहे.”

“फंडात पैसं हाईत का पण?”

“आहेत ना. परवा हंगामाचे आलेत.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. मला हसू फुटायच्या बेताला आलं होतं. तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. पाळकांना वाटलं, मुलगी गहिवरली.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबा आधी पांढरे पडले, मग लाल झाले. “मी पंच! माझ्या घरात गरीब फंडाचे पैसे? ज्या मंडळीपुढं मी बोली जिंकलो, त्या मंडळीपुढं मी गरजू म्हणून उभा राहू?”

“तुम्ही नका राहू. मी ऱ्हाते,” आई म्हणाली.

“घरात पुरुष असताना बाई उभी राहणार?”

“मग ऱ्हावा तुम्ही.”

“आणि नाही राहिलो तर?”

“तर राहुरीला पत्र टाका. पर त्या लग्नाला मी यायची नाय, आन् तुमच्या चर्चमधी पण यायची नाय. पंखा तुमचा हाय, तुम्ही खावा वारा.”

आई असं सहसा बोलत नसे. बाबांनी त्या रात्री भाकरी खाल्ली नाही. मला वाटलं, आता यांच्या डोक्यात काहीतरी उजेड पडेल. पण माझ्या बापाच्या डोक्याला उजेडाची सवय नव्हती. शुक्रवारी सकाळी ते हसतमुखानं उठले आणि चहा पिताना म्हणाले, “रिबका, बघितलंस? आले की नाही परत?”

“काय परत आले?”

“साडेतीनशे! मी दिले, देवानं परत केले. याला चमत्कार म्हणत नाहीत तर काय म्हणतात?”

मी आईकडं पाहिलं. आई चुलीत फुंकर घालत होती. फुंकर घालता घालताच म्हणाली, “दसपट म्हणला व्हता. हे तर जेवढ्याला तेवढंच झालं. कोंबडा जाऊन.”

“ही सुरुवात आहे,” बाबा म्हणाले.

रविवारी बाबांनी कोटाला इस्त्री केली. चर्च भरगच्च होतं. ज्या उपासनेला एरवी निम्मे बाक रिकामे असत तिथं माणसं मागं भिंतीला टेकून उभी होती. बातमी सगळीकडं गेली होती. आई आणि मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसलो. बाबा पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर, आपल्या पंख्याखाली.

प्रवचन झाल्यावर पाळकांनी जाहीर केलं, “मंडळीच्या गरीब फंडातून आपले गरजू बंधू, उजागरे मास्तर यांच्या कन्येला शिक्षणासाठी साडेतीनशे रुपये.” गरजू हा शब्द उच्चारताना त्यांची जीभ जरा अडखळली, पण त्यांनी तो उच्चारला. माझ्या मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. बाबा उठले, पुढं गेले, पाकीट घेतलं आणि मंडळीकडं तोंड करून उभे राहिले. खाली बसतील असं सगळ्यांना वाटलं. पण बाबांनी साक्ष द्यायला सुरुवात केली.

साक्ष चांगली वीस मिनिटं चालली. आपण सारं काही देवाच्या चरणी कसं ओतलं, घरच्यांचा विश्वास कसा डळमळला, आपला कसा नाही डळमळला, आणि ज्या रकमेचं अर्पण केलं तीच रक्कम, एक पैसा कमी नाही, देवानं आठ दिवसांच्या आत कशी परत पाठवली. पैसे कुठून निघून कुठं आले हे त्या चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी बाबांच्या आवाजात अशी काही जादू होती, की शेवटी दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले.

हीच साक्ष बाबांनी पुढं आयुष्यभर दिली. मी नर्स झाले, सिस्टर झाले, मेट्रन झाले, आणि दर हंगामाच्या सणाला बाबा उठून सांगत राहिले, की मी साडेतीनशे दिले म्हणून देवानं माझी मुलगी मेट्रन केली. मी रात्रपाळ्या केल्या, परीक्षा दिल्या, हे त्यात कधी आलं नाही. आणि साक्ष पाकीट हातात पडण्यापाशी संपायची. त्या रविवारी त्यानंतर जे झालं ते बाबांनी कधी सांगितलं नाही, म्हणून मला सांगावं लागतं.

साक्ष संपली, बाबा जागेवर बसले आणि अर्पणाचं गीत सुरू झालं. त्या रविवारी लांब दांड्याची मखमली थैली फिरवायची पाळी घोरपड्यांची होती. त्यांनी ती पहिल्यांदा बाबांच्या पुढं धरली. बाबांनी नेहमीप्रमाणे मूठ झाकून नाणं टाकलं. घोरपडे हलले नाहीत.

“मास्तर,” ते म्हणाले. हळूच म्हणाले, पण गीताच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत म्हणाले, म्हणून मला पलीकडं स्पष्ट ऐकू आलं. “मिळकतीचा दशांश.”

बाबांनी वर पाहिलं. साऱ्या चर्चचे डोळे त्यांच्यावर होते. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, उघडलं. आत शंभराच्या तीन नोटा आणि एक पन्नासाची. दशांश पस्तीस होतो, सुटे नव्हते. बाबांनी पन्नासाची नोट बाहेर ओढली. घोरपड्यांनी त्या नोटेकडं पाहिलं आणि फक्त भुवया उडवल्या. बस, एवढंच केलं त्यांनी.

बाबांनी पन्नासाची नोट पाकिटात परत सारली आणि शंभराची काढली. घडी केली नाही. सगळ्यांना दिसेल अशी, दोन बोटांत उभी धरून ती थैलीत सोडली. मग पाकीट आतल्या खिशात ठेवलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं गाऊ लागले.

माझ्या शेजारी आईचा श्वास ऐकू येत होता. आता काय होणार होतं? अडीचशे रुपयांत मला कुणी आत घेणार नव्हतं. एक कोंबडा विकून ट्रंक आली होती, दुसरा कोंबडा आमच्याकडं नव्हता. बाबा कदाचित पुन्हा ओट्यावर बसून पोस्टमनची वाट पाहणार होते, आणि मग राहुरीला पत्र जाणार होतं.

थैली पुरुषांच्या बाजूनं फिरली आणि बायकांच्या बाजूला आली. पहिला बाक, दुसरा बाक. घोरपडे दांडा धरून तालात पावलं टाकत होते, चेहरा अगदी शांत. तिसऱ्या बाकाला थैली आईपुढं आली. आईनं रुमालाच्या गाठीतून चार आणे काढले आणि टाकले. ती दर रविवारी तेवढेच टाकायची.

मग थैली माझ्यापुढं आली. मी आत हात घातला.

वर नाण्यांची आणि एकेका रुपयाच्या नोटांची रास होती. मी खाली चाचपलं, आणि शंभराची नोट माझ्या बोटांना लागली. ती बाहेर काढताना दोन-चार नाणी खणखणून खाली पडली.

“अगं ए,” घोरपडे पुटपुटले. “काय करतीस?”

“शंभर चुकून पडले, काका. परत घेते.”

“देवाच्या थैलीतनं?”

“दांडा तर तुम्ही धरलाय,” मी म्हटलं.

मागच्या बाकांवरचं गाणं थांबलं. मग मधल्या बाकांवरचं थांबलं. मी नोट मुठीत धरून उठले, मधली मोकळी वाट ओलांडली आणि पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकापाशी गेले. बाबा डोळे मिटून गातच होते. आता सगळ्या चर्चमध्ये ते एकटेच गात होते.

“बाबा, पाकीट द्या.”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. आवाज तेवढा चढवला. मी हात पुढं धरून उभी राहिले. कडवं संपलं, बाबांनी तेच कडवं पुन्हा सुरू केलं, आणि गाता गाता त्यांचा हात कोटाच्या आत गेला. पाकीट बाहेर आलं. मी ते त्यांच्या बोटांतून घेतलं आणि शंभराची नोट त्यात घातली.

“रिबका!” पाळक वेदीवरून म्हणाले. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला होता. “मुली, सगळी मंडळी देते आहे, आणि तू घेतेस?”

मी पाकीट मिटलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आईचा आवाज आला. ती उठलीसुद्धा नव्हती. खाली वाकून तिनं पडलेली नाणी वेचली होती आणि ती एकेक करून थैलीत टाकत होती.

“आमचं दिऊन झालं, साहेब,” ती म्हणाली. “थैली फुडं जाऊ द्या.”